दारापुढे उभे राहणारे जनरलसाहेब

आमच्या शेजारच्या जनरलसाहेबांनी सरहद्दीवर आघाड्या उघडल्या, राज्यपाल झाल्यावर दूरच्या एका राज्यात पूल आणि शाळा उघडल्या. फक्त स्वतःच्या घराचं दार त्यांना कधी उघडता आलं नाही. राजभवनात त्यांच्यापुढे दार कुणीतरी उघडायचंच. निवृत्त होऊन गावी आले तरी सवय सुटेना. लोटलेल्या दारापुढे हात मागे बांधून ताठ उभे राहायचे. आतून काकी म्हणायच्या, "अहो, ढकला. उघडंच आहे."

सकाळी वाडीत फेरी मारताना रांग सोडून वाढलेल्या पोफळीसमोर ते थांबत आणि तिच्याकडे असे बघत, की पोफळीने सरळ व्हावं. दिघीच्या धक्क्यावर फेरीबोट उशिरा आली की बोटवाल्याकडे कारण मागत. तो म्हणायचा, "साहेब, ओहोटीला विचारा." मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि हे मी न विचारता सांगतो. साहेबांना ते आवडायचं. मला ते नावाने हाक मारतच नसत, 'ग्रॅज्युएट' म्हणत.

एवढं सगळं मिळालेल्या माणसाला एकच गोष्ट मिळत नव्हती. शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालखीला खांदा. तरुणपणी कधी रजा मिळाली नाही आणि आता गाव त्यांना खुर्चीवर बसवून गळ्यात हार घालायचं. एकदा मला म्हणाले, "ग्रॅज्युएट, शाली पुष्कळ झाल्या. मी या गावचा आहे की पाहुणा, ते सांग."

त्या शिमग्याला पालखी त्यांच्या अंगणात आली तेव्हा मी माझी जागा त्यांना दिली. ढोल वाजला, पालखी नाचू लागली, आणि साहेब छाती काढून डावा-उजवा करत सरळ कुंपणाकडे निघाले. पालखी कलली. मागच्या दांड्याला त्यांचे शाळासोबती गणूतात्या होते. ते खेकसले, "ए बाळ्या, परेड हाय काय ही? कंबर हलव."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान वळवली. "हलवतो रे गण्या," म्हणाले, आणि खरंच हलवली. आई गेल्यापासून त्यांना त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती, असं काकी नंतर डोळे पुसत सांगत होत्या.

पुढे काकी गेल्या आणि मुलीने साहेबांना पुण्याला नेलं. आता त्यांच्याने प्रवास होत नाही. यंदा पालखी कुलूप लावलेल्या घरापुढे आली. घरधन्याचा नारळ गणूतात्यांनी दिला. मग पुढच्या घरी निघायचं, तर कुणाचा पाय निघेना. ढोल थांबवून आम्ही सगळे त्या बंद दारापुढे उभे राहिलो, साहेब राहायचे तसे.