आवडाबाईंनी पिशवी दिली नाही

पिशोरच्या बाजारगल्लीत आवडाबाईंची पिठाची गिरणी. नवरा कारभारी शेतात, गिरणी बाईंच्या हातात. सत्तेचाळिसाव्या वर्षी एकदा गहू दळताना कानशिलापासून छातीपर्यंत जाळ उठला, घाम फुटला आणि उडालेल्या पिठाची मानेवरच कणीक झाली. दळणाला आलेल्या बाया हसल्या, बाईही हसल्या. पुढे पाळी दोन-दोन महिने गायब व्हायची आणि आली की दहा दिवस हलायची नाही, तेव्हा मात्र हसू आटलं.

खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या कागदाकडे जेमतेम पाहिलं. "गर्भाची पिशवी खराब झालीय. काढून टाका, नाहीतर उद्या कॅन्सर." झालं! कारभारींचा चेहरा पिठापेक्षा पांढरा. ऑपरेशनला मंगळवार ठरला. पिशवी जिची, तिला विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

"आता काय लेकरं व्हायचीत का तुला?" थोरल्या नणंदबाई, दगडाबाई म्हणाल्या. "माझी काढून बारा वर्सं झाली. कटकट गेली."

"अन् झोप येती का वन्सं?"

"ते वयाचं असतं."

"काढली तवा वय किती व्हतं?"

"चाळीस," म्हणत दगडाबाईंनी पदर सावरला आणि विषय मिरच्यांवर नेला.

बाई तिथं थांबल्या नाहीत. चार दिवस, दळणाचा डबा घेऊन येईल तिला सरळ विचारायच्या, तुझी पिशवी आहे की काढली? लाजायचं काय त्यात? नऊजणींपैकी सहाजणींची गेलेली. काढण्याआधी नीट तपासणी झालेली एकीचीही नाही. कटलरीवाल्या शफीची बायको नजमा तर छत्तिसाव्या वर्षी ऑपरेशनच्या टेबलावर गेली. सोबत बीजांडकोशही काढले, हे तिला नंतर कागदावरून कळलं.

"काढली अन् महिन्यात आग सुरू झाली, आवडाबाई," नजमा म्हणाली. "डॉक्टर को पूछी तो बोले, होता है. होता है तो पहले बोलना था ना!"

मंगळवारी जीप गिरणीच्या दारात. कारभारी हॉर्नवर हॉर्न. बाई आत गिरणीचा दगड उघडून त्याला टाकीनं खाचा पाडत बसलेल्या, शेजारी नजमा.

"अहो, पीठ जाड पडाया लागलं तर मी काय करते?"

"दगड उघडून बघती. चल आता!"

"गिरणी उपटून उकिरड्यावर टाकते का?"

"आवडे, मरायचंय का तुला?"

"नाय. म्हणूनच आधी तपासणार. जीप शहराकडं वळवा. नजमा, बस गं मागं."

सरकारी दवाखान्यात दोन तास रांग. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची, पण तिनं विचारलं. रक्त किती जातं, चक्कर येते का, कधीपासून? पिशवीच्या आतल्या अस्तराचा बारीक तुकडा तपासायला घेतला. पंधरा दिवसांनी निकाल आला. वाईट काही नाही.

"पाळी जायची वेळ आलीय, मावशी. हा आजार नाही. रक्त कमी आहे, त्याच्या या गोळ्या, आणि जास्त जाऊ नये म्हणून या. पण पाळी वर्षभर बंद राहिल्यावर ठिपका जरी दिसला, तरी लगेच इथं यायचं."

जाळ काही गेला नाही. तो उठला की बाई गिरणी बंद करतात, दारातल्या खुर्चीवर बसतात आणि सगळ्यांदेखत पदरानं वारा घेतात. गिऱ्हाईक थांबतं. न थांबून जातं कुठं?

परवा दगडाबाई पायलीभर गहू घेऊन आल्या. शुक्रवारी सुनेची पिशवी काढायची, घरात पीठ हवं.

"तिचं वय किती वन्सं?"

"तेहतीस."

"तुकडा तपासला?"

दगडाबाईंनी पुन्हा पदर सावरला. आवडाबाईंनी चालती गिरणी बंद केली.

"उद्या सकाळी साडेसहाला शहराची बस हाय. तिला घेऊन या, मी येते संगं. दळण मग."

"आवडे, घरात चिमूटभर पीठ नाय!"

"मग लवकर या," म्हणत बाईंनी गव्हाचा डबा आपल्या खुर्चीखाली सरकवला.