चूक सांगायला अकोल्यापर्यंत आलेले शास्त्रीबुवा

गोविंदशास्त्रींना साठावे वर्ष लागले, म्हणून मंडळींनी मला चार शब्द लिहायला सांगितले. शास्त्रीबुवांना मी प्रथम पाहिले ते अमरावतीत, कापसाच्या तेजीत. अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला परदेशी गिऱ्हाईक धावत आले. त्यांत इटलीचे एक व्यापारी होते. शास्त्रीबुवा त्यांना मराठी शिकवीत आणि त्यांच्याकडून इटालियन शिकून आम्हा चौघापाचांना देत. मी माळ्याचा मुलगा. वांगी द्यायला गेलो आणि ऐकत उभा राहिलो. "बस," एवढेच ते म्हणाले. "त्याले कावून बसवता?" असे विचारणारे पुष्कळ निघाले, पण शास्त्रीबुवांनी मला उठवले नाही.

त्यांची रीत साधी. क्रियापदाचे रूप तोडायचे, प्रत्येक तुकड्याला एक सरकी मांडायची आणि जोर द्यायचा तिथे चिंचोका. पार्-लो, मी बोलतो. पार्-ला-ते, तुम्ही बोलता. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, हा त्यांनी बसवलेला नियम. महिनाभर आम्ही तो घोकला.

पुढे त्याच व्यापाऱ्यांच्या अकोल्याच्या पेढीवर दुभाष्या हवा होता. मी परीक्षेला गेलो. ती नोकरी हुकली असती तर पुन्हा वांग्यांची पाटी डोक्यावर होतीच. परीक्षेच्या दिवशी सकाळी माझा मुक्काम होता त्या धर्मशाळेपुढे बैलगाडी थांबली आणि धुळीने माखलेले शास्त्रीबुवा उतरले.

"पार्-ला-नो, ते बोलतात. इथे जोर पहिल्या तुकड्यावर. अशी रूपे आणखीही आहेत. मी चुकीचे शिकवले. परवा कळले, तसाच निघालो."

माझे डोके फिरले. "आता सांगून राह्यले? महिनाभर काय झोपले होते का तुमी?"

ते खाली बसले, सरक्या मांडल्या आणि दोन दिवसांच्या प्रवासाने हाडे खिळखिळी झालेल्या त्या माणसाने उपाशीपोटी तासभर माझ्याकडून रूपे म्हणवून घेतली.

परीक्षेत पेढीच्या साहेबांनी नेमकी तसलीच रूपे विचारली. मी बिनचूक म्हटली. सकाळच्या दुरुस्तीची कुणकुण लागलेला तिथला एक गुमास्ता खवचटपणे म्हणाला, "याच्या शास्त्र्याचंच चुकते म्हन्तात!" दारात उभे असलेले शास्त्रीबुवा सर्वांदेखत म्हणाले, "हो, चुकले होते. आज सकाळी दुरुस्त केले." कोणी हसले नाही.

नोकरी मला मिळाली. तिच्यावर माझे घर उभे राहिले, मुले शिकली. त्या सकाळचे माझे बोलणे शास्त्रीबुवांनी आजवर कोणाला सांगितले नाही. त्यांनी आपली चूक भर पेढीवर कबूल केली, आणि मला इतक्या वर्षांत एकांतातही माझी कबूल करवली नाही. लाज वाटत होती, दुसरे काय!

शास्त्रीबुवा, उदंड जगा, धडधाकट राहा, आणखी पुष्कळांना शिकवा. आणि या सगळ्या मंडळींसमोर सांगतो, त्या सकाळी माझं चुकलं. मले माफ करा.