पाठवणं पाच मिनिटं, घेणं पाच मिनिटं

"पोरगी पाठवते बरी, पण घ्यायले कच्ची आहे. टेस्टमध्ये पडते, पाहजो!"

हे माझ्याबद्दल होतं, पण माझ्या कानांसाठी नव्हतं. माठाच्या पलीकडून आलं, आणि अलीकडे मी पेला धरून उभी होते! तारघरात किस्से साठतात ते असे. लोकांच्या तारा वाटल्या की संपतात. आमच्या गोष्टी टेबलाखाली साचत राहतात.

आमची टेस्ट दोन भागांची. पाच मिनिटं तार पाठवायची, पाच मिनिटं यंत्राची कट्ट-कडकट्ट ऐकून लिहून घ्यायची. साहेबांच्या हातात स्टॉपवॉच. एकात पडलात की दोन्हींत पडलात! माझ्या लग्नाला आणि नोकरीलाही दोनच महिने झाले होते, आणि सासूबाईंनी बजावलं होतं, "नोकरी पक्की झाली तर कर वं बाई. नाही तर घर आहेच."

•

पाठवण्यात वस्ताद देशकरभाऊ. एकदा घड्याळ लावून त्यांनी कुहीची लाइन घेतली. तार ठोकायची किल्ली बोटांखाली अशी नाचली की आम्ही कामं सोडून बघत राहिलो.

"पाहा गा! मिनिटाले तीस शब्द!"

तेवढ्यात कुहीहून उत्तर आलं. सावकाश, एकेक अक्षर. "सगळं पुन्हा पाठवा."

•

घेण्यात वस्ताद वानखेडेकाका. तार पुरती यायच्या आधीच ते लिहून मोकळे! "पोहोचलो" आलं की पुढे "सुखरूप" असणारच, म्हणून पेन्सिल खाली आणि चहाचा कप वर.

एकदा पारशिवनीला गेलेल्या वऱ्हाडानं सक्करदऱ्याच्या घरी तार केली, "पोहोचलो, नवरदेव तिथेच राहिला." काकांनी दिली, "पोहोचलो सुखरूप."

घरी तार सही करून घेतली कोणी? नवरदेवानं!

•

मी घरी परातीच्या काठावर बोटानं सराव करायची. सासूबाईंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी वाटीत तेल घेऊन आल्या. "काहून वं, बोटं थरथरून राहिले तुह्ये? आण हात इकडे."

मी हात पुढे केला. तेल छान कोमट होतं.

•

टेस्टचा दिवस. पाठवण्यात मी निभावले. घ्यायला आम्ही चौघं एका टेबलाशी, किल्लीवर देशकरभाऊ. टेस्टचा मजकूर कित्येक वर्षं तोच. जुन्यांनी पाठ करून नव्यांना वाटलेला. मला कोणी दिला नव्हता, मीही मागितला नव्हता.

पाच मिनिटं झाली. साहेबांनी कागद तपासले. तिघांना शाबासकी. माझ्यापाशी थांबले.

"तुमची एक ओळ राहिली."

मागून वानखेडेकाका हळूच म्हणाले, "मी म्हटलं होतं ना गा!"

साहेबांनी तिघांचे कागद माझ्यापुढे ठेवले. तिन्हींत ती ओळ, सुवाच्य अक्षरात. मी देशकरभाऊंकडे पाहिलं. ते आपल्या कागदावरून बोट फिरवत खाली आले आणि मध्येच थांबले. तोंडातली सुपारीही थांबली.

दोन महिन्यांत त्या खोलीत मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

"साहेब, ती ओळ भाऊंनी पाठवलीच नाही. या तिघांनी कुठून घेतली?"