निळा पापुद्रा आणि अमोनियाची बादली

होबार्टच्या प्रयोगशाळेत नोरीन ट्रेझाइज एका निळ्या रंगाच्या भुकटीचा पातळ पापुद्रा काचेवर चढवायची आणि त्यातून वीज किती वाहते ते मोजायची. भोवतालची हवा उपसून टाकली की वीज जवळजवळ थांबायची. हवा परत सोडली की तिच्यातल्या ऑक्सिजनच्या जोरावर वाहू लागायची. पण त्या हिवाळ्यात, उघड्यावर ठेवलेल्या पापुद्र्यातली वीज दाखवणारा काटा दर सोमवारी सकाळी उगाचच घसरायला लागला.

"सोमवारी कामाला यायचं त्याच्याही जिवावर येतं," शेजारच्या टेबलावरचा डेस म्हणाला.

नोरीनने तारा बदलून पाहिल्या, पापुद्रा बदलून पाहिला. एका सोमवारी ती लवकर आली, तर सफाईवाल्या मिसेस वुकोविच दर सोमवारप्रमाणे फरशी पुसत होत्या. फरशी पुसायच्या पाण्यात घातलेल्या अमोनियाच्या उग्र वासाने नोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मिसेस वुकोविच, बादली जरा इकडे आणता?"

"काही चुकलं का माझं?"

"छे हो."

बादली जवळ येताच काटा खाली गेला. खिडकी उघडल्यावर हळूहळू वर आला. अमोनिया ऑक्सिजनची सगळी मेहनत पुसून टाकत होता.

नोरीनला तिच्या थोरल्या भावाची, क्लेमची आठवण झाली. ह्यूऑन खोऱ्यात सफरचंदांच्या शीतगृहात तो यंत्रं सांभाळायचा. ती यंत्रं अमोनियावरच चालायची. एकदा गळती झाली तेव्हा त्याला कॉलर धरून बाहेर ओढावं लागलं होतं.

काटा घसरला की वाजेल अशी घंटा तिने पापुद्र्याला जोडली, सगळं एका पेटीत बसवलं आणि ती घेऊन क्लेमच्या शीतगृहात गेली.

"आजवर आमचं नाकावर भागलं, नोरी," क्लेम म्हणाला.

"तुझं नाक केव्हाच कामातून गेलंय. आईचा करपलेला केक तू मागून मागून खाल्लास."

सुरुवातीला धुक्याच्या दमटपणानेही घंटा वाजायची आणि माणसं शिव्या घालायची. नोरीनने पापुद्र्याखाली बारीकशी ऊब ठेवली, तेव्हा ते थांबलं.

सफरचंदं उतरवायच्या दिवसांत तिला क्लेमचा फोन आला.

"वाजली गं."

"मग?"

"मला कसलाच वास येईना. तरी म्हटलं, उगाच बहिणीची बोलणी कशाला खा? सगळ्यांना बाहेर काढलं. नळीचा सांधा फाटला होता."

"कुणाला काही झालं?"

"काही नाही. बाहेर उन्हात चहा पितोय सगळे. खालच्या गोदामातही एक पेटी बसव म्हणतायत."

नोरीनने डोळे पुसले. मग डेसकडून पक्कड मागून घेतली आणि दुसरी पेटी जोडायला बसली.