ओठांवर बसवलेली माफी

त्याच्याशी बोलताना मला नेहमी वाटायचं, माझ्या तोंडाला काही लागलंय की काय. तो कधी डोळ्यांत बघायचाच नाही, ओठांकडे बघायचा. अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत तो परदेशी सिनेमांचे हिंदी संवाद लिहायचा, मी रेकॉर्डिंग करायचो. "पडद्यावर ओठ मिटले की म, प नायतर ब. बाकी आपल्या मनाचं, रे," तो म्हणायचा. भाषांतराचे कागद यायचे, त्यांच्यावर तो चहाचा ग्लास ठेवायचा.

एकदा थायलंडचा सिनेमा आला. महायुद्ध, गावात घुसलेलं जपानी सैन्य, आणि एका जपानी अधिकाऱ्यावर जीव जडलेली तिथली मुलगी. शेवटी तो तिच्या मांडीवर मरतो, ती काहीतरी पुटपुटते. ह्यानं लिहिलं, 'मैंने तुम्हें माफ किया.' लिप, म्हणजे ओठांशी शब्दांचा मेळ, झकास बसली.

मूळ संवाद लिहिणारी बाई तेव्हा मुंबईत होती, ती बघायला आली; हिंदी ओळींचा अर्थ मी तिला इंग्रजीत सांगत होतो. नेमकं त्या माफीच्या ओळीला तिनं रीळ थांबवायला लावलं. मोडक्या इंग्रजीत मला म्हणाली, "ती माफ करत नाही. हे माझ्या आईचं वाक्य आहे. तिनं मरेपर्यंत माफ केलं नाही."

मी त्याला मराठीत सांगितलं.

"मग लिप कोण बसवणार, तिची आई? घे पुढे."

मी रीळ पुढे घेतलं.

बाई उठली. दारात थांबून तिनं त्याला तिच्या भाषेत हळूच काहीतरी सुनावलं. तो टक लावून तिच्या ओठांकडे बघत होता. ती गेल्यावर माझ्याकडे वळला.

"दोनदा मिटले," तो म्हणाला. "मेहरबानी बसेल."