शेवटच्या मिनिटातला फाऊल

राज्य अजिंक्यपदाचा कप आमच्या जिल्ह्याला मिळाला तो माझ्या शेवटच्या बास्केटमुळे, असं मी तीस वर्षं सांगत आलो. नाशिकमध्ये माझा जुन्या ट्रॅक्टरच्या खरेदी-विक्रीचा धंदा आहे. गिऱ्हाइकाची खुर्ची मी अशी ठेवलीय की बसल्याबरोबर समोर भिंतीवरचा पेपरातला फोटो दिसावा. फोटोत मी हवेत आहे आणि बॉल बोटांवरून सुटतोय. डाव्या कडेला बाकाजवळ खांद्यावर टॉवेल टाकून एक जण उभा आहे. गिऱ्हाईक कधी त्याच्याबद्दल विचारत नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही.

तो आणि मी एकाच मैदानावर वाढलो. मी रिंगखाली खेळायचो, तो बाहेरून बॉल पुरवायचा. एकदा माझा उजवा खांदा निखळला. बरा होऊन परत आलो त्यानंतर त्याने मला डोक्यावरून कधीच पास दिला नाही. बोलला काहीच नाही, फक्त बॉल कायम पोटाच्या उंचीवर यायला लागला. माझ्या ते लक्षात यायला वर्ष गेलं. लक्षात आल्यावरही मी आभार मानले नाहीत. पास नीट येतोय तर त्यात बोलण्यासारखं काय, असा माझा हिशेब. मी पंचांच्या अंगावर धावून गेलो की मागून माझी जर्सी धरायचं कामही त्याचंच. चार जर्सी मी अशा फाडून घेतल्या.

फायनलला आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि मिनिटभर उरलं होतं. पाचव्या फाऊलला खेळाडू बाहेर जातो. माझे चार झाले होते आणि त्याचेही चार. समोरचा उंच पोरगा रिंगकडे झेपावला तेव्हा आम्ही दोघंही त्याच्या अंगावर गेलो. मी त्याचं मनगट धरलं. चुकून नाही, चांगलं घट्ट धरलं. शिट्टी वाजली. त्या काळी नियम होता की ज्याचा फाऊल त्याने हात सरळ वर करायचा, म्हणजे टेबलावरचा माणूस त्याचा नंबर टिपून घेई. पंच आमच्या दोघांकडे बघत होता. मी खाली वाकून बुटाची नाडी चाचपायला लागलो. मान वर केली तेव्हा त्याचा हात वर होता.

तो बाहेर गेला. समोरच्याने दोनपैकी एक फ्री थ्रो घातला, बरोबरी झाली, आणि शेवटची बास्केट मी केली. त्या फोटोवर ट्रॅक्टरच्या एका शोरूमने मला बोलावून नोकरी दिली. तिथे धंदा शिकलो आणि पुढे स्वतःचा टाकला. बाप शेतमजूर, हातात दमडी नाही, जे केलं ते स्वतःच्या जिवावर, हे मी ज्याला त्याला ऐकवत आलोय. तो क्रीडाशिक्षक झाला.

आता माझ्या तक्रारीबद्दल. ती नऊ वर्षं जुनी आहे आणि अजून पुरती विझलेली नाही.

माझी मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती आणि चांगली खेळायची. जिल्हा संघाच्या निवड समितीत तो होता. निवड चाचणी दोन दिवसांची, आणि नेमकं त्याच दोन दिवसांत माझ्या पुतणीचं लग्न. मुलगी रडली, पण मी म्हणालो, घरचं लग्न सोडून कुठे जातेस, तुझी निवड तर झालेलीच आहे, समितीत कोण आहे माहीत आहे ना? यादी लागली आणि तिचं नाव नव्हतं.

मी थेट मैदानावर गेलो. पंधरा मुली सराव करत होत्या, पाच-सहा पालक कठड्यावर बसले होते. माझी मुलगीही त्यांच्यातच होती.

तो म्हणाला, “चाचणीला आली नाही, मित्रा. न आलेल्या तीन जणी आहेत. एकीला घेतलं तर बाकी दोघींना काय सांगू?”

“सांग की ही माझ्या मित्राची मुलगी आहे.”

“तेच तर सांगता येत नाही.”

धंद्यातला माझा एक नियम आहे. समोरच्याने एकदा ज्या भावात दिलं, त्याच्या पुढे बोलणी त्याच भावापासून सुरू करायची. हा माणूस एकदा माझ्यासाठी खोटं बोलला होता, मग आता का नाही? माझं डोकं फिरलं आणि मी ओरडलो, “फायनलला खोटा हात वर करताना कुठे गेला होता रे तुझा नियम?”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली. बोलला काहीच नाही. कोणाच्या फाऊलसाठी खोटा हात, हे कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. पालकांनी एवढंच उचललं की सरांनी कप लबाडीने जिंकला होता. पुढच्या महिन्यात कुणाचीही मुलगी वगळली गेली की हेच बोलणं निघायचं. त्याने समिती सोडली, आणि वर्षभरात सुरगाण्याकडच्या एका शाळेत बदली मागून घेतली. मला कळलं तेव्हा मी म्हणालो, गेला तर गेला. मनात मात्र एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. बदली मागायची म्हटली तर माणूस नाशिककडे मागतो, नाशिकमधून डोंगरात कोणी मागत नाही.

मागच्या ऑक्टोबरात मी निफाडजवळच्या एका बागायतदाराकडे ट्रॅक्टर बघायला गेलो. बागेत छाटणी चालू होती, सुरगाण्याहून आलेली मजुरांची टोळी होती. आमचं बोलणं ऐन रंगात आलेलं असताना द्राक्षांच्या ओळीतून पाण्याचं कारंजं उडालं. कोणाच्या तरी कात्रीखाली ठिबकची नळी आली होती.

“कोणी कापली रे?” बागायतदार गरजला.

दहा-बारा माणसं खाली मान घालून उभी राहिली. त्यांच्यातून एका मुलीचा हात वर गेला. सतरा-अठरा वर्षांची असेल. कोपर सरळ, दंड कानाला टेकलेला, पाचही बोटं उघडी. वर्गात उत्तर देणारं पोर असा हात करत नाही. असा हात मी मैदानावर शेकडो वेळा पाहिला होता, आणि तो नियम जाऊनही कितीतरी वर्षं झाली होती.

“ही पोरगी लय येडी हे,” बागायतदार मला म्हणाला. “बाकीचे लपवत्यात, ही आपली हात वर करून मोकळी. आता हिला काय बोलायचं, सांगा.”

मी तिला विचारलं, “हे कोणी शिकवलं तुला?”

“सरांनी. बास्केटबॉलच्या.” तिने हात अजून खाली घेतला नव्हता.

मी बागायतदाराला त्याने मागितलेली रक्कम देऊन टाकली. तो इतका घाबरला की इंजिनात काही दोष आहे का, हे त्यानेच मला दोनदा विचारलं.

पुढच्या रविवारी सुरगाण्याला गेलो. शाळेच्या मागे लाल मातीचं मैदान, लोखंडी पाइपांवर दोन रिंगा, आणि त्याचे केस पूर्ण पांढरे. गुडघ्याला पट्टा होता. मला पाहून त्याने विचारलं,

“ट्रॅक्टर विकायला आलास का?”

“नाही.”

“बरं झालं. इथे उतारावर चालणार नाही तुझं धूड. बूट कसले आहेत? चालतील. उतर, दोघी कमी आहेत. निम्मा संघ द्राक्षांना गेलाय.”

पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला मी त्या मुलींमध्ये उतरलो. एकीने दुसरीला म्हटलेलं ऐकू आलं, “काकांना आपल्यात नको.” शिट्टी कोणाकडेच नव्हती. पंच आणायचा कुठून, म्हणून त्याने तिथे जुना नियम चालू ठेवला होता. ज्याच्याकडून फाऊल झाला त्याने स्वतः थांबून हात वर करायचा, मग बॉल समोरच्यांना. आणि हे खरोखर चालत होतं. एवढीशी पोर धडकायची, लगेच हात वर, बॉल देऊन पुन्हा पळायची. कोणाची भांडणं नाहीत. मी आयुष्यभर असल्या गोष्टींवर घसा कोरडा केला होता.

दहा मिनिटांत माझा श्वास संपला. एक मुलगी माझ्या बाजूने निसटायला लागली तेव्हा माझा हात आपोआप गेला आणि मी तिचं मनगट धरलं.

खेळ थांबला. मुली माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“लागलं का तुला?” मी म्हणालो. “फारसं लागलं नाही ना? चला, चालू द्या.”

कोणी हललं नाही. समोर तो बॉल कमरेला टेकवून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर, तो काहीतरी करेल म्हणून पाहिलं. या वेळी तो जागचा हलला नाही.

मी हात वर केला. उजवा खांदा जुना दुखरा, पुरता सरळ होत नाही. मुलींनी तेवढ्यावर मान्य केलं आणि बॉल घेतला.

खेळ संपल्यावर शाळेच्या पायरीवर बसलो. वाटेत बरंच ठरवून ठेवलं होतं, पण माझं बोलणं नेहमी दुसऱ्याला खाली पाडण्यासाठी तयार झालेलं. स्वतः खाली यायचं तर शब्द सापडेनात. शेवटी म्हणालो, “फायनलचा तो फाऊल माझा होता. मी मनगट धरलं होतं.”

“ठाऊक आहे.”

“तू माझ्यासाठी खोटा हात वर केलास, आणि मी तोच तुझ्या तोंडावर मारला. पंधरा पोरींसमोर.”

तो गुडघ्याचा पट्टा सोडत होता. म्हणाला, “खोटा नव्हता तो. माझं कोपर त्याच्या बरगडीत होतं. चांगलं जोरात बसलं होतं. फाऊल आपल्या दोघांचा होता, पंचाने एकाचाच मागितला. तू नाडी बांधत होतास.”

तीस वर्षं मी समजत होतो की त्याने माझ्यावर उपकार केला, आणि उपकार करणाऱ्याला खोटारडा ठरवून मी तो फेडलाही होता. तो खोटं बोललाच नव्हता.

“मग त्या दिवशी मैदानावर हे बोलला का नाहीस?”

“बोलून काय करणार? ‘माझा फाऊल खरा होता’ एवढ्यावर कोणी थांबलं असतं का? दोघं होते म्हणे, मग दुसरा कोण, हे विचारलंच असतं कोणीतरी.” पट्ट्याची घडी करत तो पुढे म्हणाला, “तुझी मुलगी तिथे उभी होती.”

त्या दिवशी मुलगी तिथे आहे याचा विचार मी केला नव्हता. तो त्याने केला होता. पोटाच्या उंचीवरचा पास आठवला आणि मान वर करवेना. तो उठून दोन ग्लास पाणी घेऊन आला. “तुझं पोट बघ,” म्हणाला. “रोज चालत जा थोडं.”

घरी येऊन मुलीला फोन केला. ती आता पुण्यात नोकरी करते. तिला सगळं सांगितलं, नाडीसकट.

ती म्हणाली, “बाबा, सरांनी मला तेव्हा एवढंच सांगितलं होतं की वडिलांवर चिडू नकोस, ते तुझ्यासाठी भांडले. आणि हे तुम्ही मला एकटीलाच का सांगताय? त्या दिवशी आम्ही पंधरा जणी होतो.”

“त्या आता कुठे सापडणार?”

“ग्रुप आहे आमचा. सगळ्या आहेत.”

“मग तू टाक की.”

“मी का? तुम्हीच टाका. तुम्हाला ॲड करते.”

दोन मिनिटांत मी त्या ग्रुपवर होतो. मी चार ओळी लिहिल्या आणि आधी तिला पाठवल्या: फायनलचा फाऊल माझा होता, मी तो लपवला. सरांनी त्यांचा फाऊल खरा सांगितला होता. मी तुमच्यासमोर त्यांना खोटं पाडलं, ती माझी लबाडी होती. पण माझी मुलगी त्या वर्षी संघात असायलाच हवी होती.

लगेच फोन आला. “शेवटची ओळ काढा.”

“खरी आहे ती.”

“असेल. काढा.”

“निदान कंसात राहू दे.”

“बाबा, मी चाचणीला गेले नव्हते. तुम्ही जाऊ दिलं नव्हतं.”

सौद्यात समोरच्याला सगळं द्यायचं नाही, थोडं आपल्याकडे राखायचं, हे मी आयुष्यभर पाळलं. ती ओळ काढायला मला अर्धा तास लागला. काढली आणि निरोप पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात भिंतीवरचा फोटो उतरवायला गेलो. उतरवला नाही. खुर्ची मात्र डावीकडे सरकवली. आता गिऱ्हाइकाला आधी बाकाजवळचा टॉवेलवाला दिसतो. परवा एका शेतकऱ्याने बसल्या बसल्या विचारलं, “शेठ, हा कोण?” ट्रॅक्टरचं बोलणं राहिलं बाजूला, मी त्याला नाडीपासून सांगायला सुरुवात केली.