दुधाच्या गाड्यांचं वेळापत्रक

सुमा शिंदे बोलत नाही, म्हणून तीन कंपन्यांनी तिला नाकारलं होतं. म्हैसूरच्या कॉलेजात बी.कॉम.ला ती पहिल्या पाचांत होती, पण चार माणसांत ती तोंडच उघडत नसे.

चौथी कंपनी गावोगावचं दूध गोळा करणारी. निवडीची परीक्षा अशी: चौघांचा गट, वीस मिनिटं, आणि म्हैसूरजवळच्या वरुणा गावापासून बन्नूरपर्यंतच्या नऊ दूध केंद्रांसाठी तीन गाड्यांचं वेळापत्रक करायचं. कोपऱ्यात कंपनीच्या अधिकारी विभावरी मॅडम वही घेऊन बसल्या होत्या.

गटातल्या रक्षितनं लगेच मार्कर उचलला. फाडफाड इंग्रजी बोलत त्यानं गाड्या फळ्यावर मांडल्याही. सुमानं केंद्रांच्या वेळांचा कागद पुन्हा वाचला. बन्नूरची केंद्रं साडेसातला बंद होत होती. रक्षितची गाडी तिथं साडेआठला पोचत होती.

"रक्षित, वेळ चुकतेय."

"नंतर बघू. आधी पूर्ण करू दे."

सात मिनिटं उरली. गटातली भव्या बन्नूरची, पण इंग्रजीच्या धास्तीनं मान खाली घालून बसलेली. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. आपल्याबद्दलच असणार, सुमाला वाटलं. ती ताडकन उठली आणि कन्नडात म्हणाली, "भव्या, तू रोज तिकडून येतेस. गाडी कशी न्यावी?"

"आधी बन्नूर," भव्या हळूच म्हणाली. "वरुणा येताना. ती केंद्रं नऊपर्यंत उघडी असतात."

सुमानं मार्करसाठी हात पुढे केला. रक्षितनं मार्कर जवळजवळ आपटलाच. चौथा मुलगा गगन भराभर वेळा मोजू लागला. दोन गाड्या वेळेत बसल्या, तिसरी बसेना. तेवढ्यात वेळ संपला.

"प्लॅन तयार आहे," रक्षित म्हणाला.

"नाही मॅडम," सुमाच्या तोंडून निघून गेलं. "तिसरी गाडी राहिलीय."

रक्षितनं तिच्याकडे असं पाहिलं, की तिला खाली बसावंसं वाटलं. मॅडमनी पेन थांबवलं. "मग तिच्या वाटच्या तीन केंद्रांचं काय करणार?"

"त्यांना आत्ताच फोन करून सांगायचं. दूध घेऊन लोक ताटकळत बसायला नकोत."

संध्याकाळी निवड झालेल्यांची यादी लागली. सुमा आणि भव्या. रक्षित यादी बघून निघून गेला. जिंकल्यासारखं काही सुमाला वाटेना.

घरी आईनं, गिरिजाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. "कामावर कधी जायचं ग?"

"सोमवारी. पहाटे पाचला, वरुणाच्या केंद्रावर."

"पाचला? अय्यो!" म्हणत गिरिजाबाई घड्याळाचा गजर लावायला उठल्या.